भावाचा दोष दिसला, आता काय कराल?

रविवारची उपासना संपते, पाळक दाराशी उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात, आणि आवारात चहाचा कप हाती येईपर्यंत दुसरीच सभा भरलेली असते. कोण आले नाही, कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, कोणाच्या घरी अजून कोणता सण होतो. छत्रपती संभाजीनगरात छावणीतली जुनी मंडळी असो, कॅथलिक धर्मग्राम असो की सिडकोतल्या फ्लॅटमध्ये भरणारी प्रार्थनासभा असो, यात फार फरक पडत नाही. त्याच आवारात कोणी खरोखर गंभीर विषय काढला, मंडळीच्या हिशेबाचा किंवा घरातल्या मारहाणीचा, की त्याला ताबडतोब सांगितले जाते, ‘न्याय करू नका, असे प्रभूने सांगितले आहे.’

जिथे तोंड आवरायला हवे तिथे आपण सर्रास बोलतो आणि जिथे बोलणे कर्तव्य आहे तिथे वचनाचा आधार घेऊन गप्प बसतो. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न याच गोंधळातून आलेले असतात:

- सून टिकली लावून आणि मंगळसूत्र घालून चर्चला येते. तिला बोलावे की नाही?
- भाऊ नव्या फेलोशिपमध्ये जातो आणि आमचा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नाही असे म्हणतो. त्याच्याशी कसे वागावे?
- एका पंचांनी मंडळीचे पैसे वापरल्याचे कानावर आले आहे. विचारले तर तो न्याय करणे ठरेल का?
- आमच्याबद्दलच मंडळीत काहीबाही बोलले जाते. आम्ही कोणाकडे जावे?

या सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, कारण या एका जातीच्या गोष्टी नाहीत. म्हणून कामाला उपयोगी पडेल अशी वाट इथे मांडतो आहे.

आधी हे ठरवा: गोष्ट कोणत्या गटातली?

मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू न्याय करू नका असे बजावतो. आपण बहुतेकदा तिथेच थांबतो. त्याच परिच्छेदात, पाचव्या वचनापर्यंत वाचत गेलात तर दिसेल, की आपल्या डोळ्यातले मुसळ काढून झाल्यावर भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्याची मुभा तो देतो. म्हणजे मदत करायची आहे, पण क्रम पाळून. योहानाच्या सातव्या अध्यायात तर वरवर पाहून न्याय करू नका, योग्य न्याय करा, अशीच त्याची शिकवण आहे.

तेव्हा मनाई कशाची आहे? माणसाच्या अंतःकरणावर, त्याच्या तारणावर, देवाच्या घरातल्या त्याच्या जागेवर निकाल देण्याची. कृती बरोबर की चूक हे ओळखायला मनाई नाही. ‘तुम्ही हे केले ते चुकले’ असे म्हणणे एक आणि ‘तुम्ही खरे ख्रिस्तीच नाही’ असे म्हणणे वेगळे. पहिले कधी कधी आपले काम असते. दुसरे कधीच नसते.

कोणाबद्दलही बोलण्याआधी गोष्ट पुढीलपैकी कोणत्या गटात बसते ते पाहा:

1. मतभेद: खाणेपिणे, पोशाख, दागिने, सणवार, उपासनेची पद्धत, बाप्तिस्म्याची रीत.
2. चूक: खोटे बोलणे, पैसे बुडवणे, अपमान करणे, दिलेला शब्द मोडणे.
3. इजा किंवा गुन्हा: मारहाण, लैंगिक छळ, मुलांवर अत्याचार, मंडळीच्या निधीचा अपहार.

पहिल्या गटात सहन करायचे, दुसऱ्यात एकांतात जाऊन बोलायचे आणि तिसऱ्यात लगेच मदत बोलवायची. गट चुकला की पुढचे सगळे चुकते.

पहिला गट: मतभेद असेल तर सोडून द्यायला शिका

या गटासाठी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय पूर्ण वाचा. रोमच्या मंडळीत काही जण सर्व काही खात होते, काही फक्त भाजीपाला खात होते. काही विशिष्ट दिवस पाळत होते, काहींना सगळे दिवस सारखे होते. पौल दोघांनाही आवरतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, कारण दोघेही एकाच धन्याचे सेवक आहेत आणि हिशेब त्या धन्याकडे आहे.

हा अध्याय महाराष्ट्रातल्या माणसांच्या आयुष्यात अक्षरशः घडलेला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉन्टेज येथे झाला. तिथल्या ज्या भगिनीसंघात त्या राहत होत्या, तिथे त्यांच्या शाकाहारावरून वाद झाला. अंडे घातलेले पुडिंग त्या खात नसत. त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जुना अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्रातून ठामपणे उत्तर दिले, की माझा अभिमान पुडिंगमध्ये शोधायचा असेल तर खुशाल शोधा, पण ज्या चालीरीतींत वाईट काही नाही त्या मी टाकणार नाही. सिस्टर जेराल्डीन यांना ताटात काय नाही तेवढे दिसत होते. त्या ताटामागची बाई पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभी करून दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना आसरा देणार होती आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करणार होती, हे ताट पाहून कोणाला कळणार होते?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच्या उलट वागणूक दाखवली. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे अहमदनगरला राहायला आल्या तेव्हा त्यांनी सोवळे सोडले नव्हते आणि त्यांची चूल वेगळी होती. टिळकांनी सक्ती केली नाही. काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने, लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वाट पाहण्याला किती वेळ द्यावा, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचावे.

आता आपल्याकडचे नेहमीचे विषय घ्या.

*टिकली, मंगळसूत्र, बांगड्या.* एकीसाठी तो नवऱ्याच्या नात्याचा मान असतो, दुसरीला त्यात जुन्या उपासनेची आठवण होते. दोघीही प्रभूला मानून वागत असतील तर दोघींनाही जागा द्या. सुनेला बोलायचेच असेल तर तिची श्रद्धा काय आहे ते आधी विचारा. कपाळ बघून निष्कर्ष काढू नका.

*शेजाऱ्यांकडचा प्रसाद.* करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौल हा विषय सविस्तर हाताळतो. मूर्तीच्या उपासनेत भागी होऊ नका असे तो सांगतो. बाजारात मिळणारे आणि यजमानाने वाढलेले मात्र फार चौकशी न करता खायला तो मोकळीक देतो. पण सोबतच्या कोणाच्या विवेकाला ठेच लागत असेल तर त्याच्यासाठी थांबायला सांगतो. तुम्ही न घेण्याचे ठरवले असेल तर नम्रपणे नकार द्या. घेणाऱ्याबद्दल घरी जाऊन चर्चा करू नका.

*बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी.* उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला स्थापन झाले तेव्हा सहा चर्चसंस्था एकत्र आल्या. त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांना देणारे बॅप्टिस्ट व ब्रेदरनही होते. नव्या चर्चने दोन्ही रीतींना जागा दिली. इतक्या मोठ्या मतभेदासह एका छताखाली राहता येते, हे आपल्याच प्रदेशात करून दाखवलेले आहे. फेलोशिपमध्ये जाणारा भाऊ वाद घालू लागला तर एवढेच म्हणा, ‘या बाबतीत आपलं जमत नाही, पण आई आजारी आहे, तिच्यासाठी दोघं मिळून प्रार्थना करू.’

*कागदावरची जात.* मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज दलित समाजातले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे, ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळत नाही. त्यामुळे कागदावर एक आणि रविवारी दुसरे, असे आयुष्य काही घरांच्या वाट्याला आले. अशा माणसाला ‘अर्धा ख्रिस्ती’ म्हणणे सोपे आहे, त्याच्या मुलाची फी भरणे अवघड. त्याचा विश्वास मोजू नका. मात्र कोणी सल्ला मागितला तर खरे सांगा. ख्रिस्ती धर्म पाळत असताना नोकरीच्या लाभापुरता हिंदू असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मधल्या एका निकालात फेटाळला आहे. त्यामुळे निर्णय वकिलाला विचारूनच घ्या.

दुसरा गट: चूक असेल तर पायऱ्या गाळू नका

इथे मत्तय अठरा, वचन पंधरा ते सतरा हा नियम आहे. पायऱ्या तीनच:

1. दोघांनी एकांतात बोलायचे.
2. ऐकले नाही तर एक-दोन विश्वासू माणसे सोबत न्यायची.
3. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगायचे.

बहुतेक मंडळ्यांत हा क्रम उलटा होतो. आधी सगळ्यांना कळते, मग पंचांकडे जाते आणि ज्याच्याबद्दल सारे चालले आहे त्याला सर्वांत शेवटी समजते. तोपर्यंत तो चुकलेला माणूस राहत नाही, आरोपी होतो, आणि आरोपी स्वतःचा बचावच करणार.

जाण्यापूर्वी स्वतःला विचारा:

- मी हे डोळ्यांनी पाहिले आहे की ऐकले आहे?
- यामागे माझा काही जुना राग, जमिनीचा वाद, निवडणुकीतली हार आहे का?
- हाच दोष कमी-जास्त प्रमाणात माझ्यात आहे का? असेल तर आधी तो देवापुढे मांडला का?
- हा माणूस सुधारावा असे मला वाटते, की उघडा पडावा असे वाटते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे ‘उघडा पडावा’ असे आले, तर त्या दिवशी जाऊ नका. प्रार्थना करा आणि मन शांत झाल्यावर जा. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो, की चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि तसे करताना स्वतःलाही जपा.

कसे बोलाल? उसने घेतलेले पैसे परत न देणाऱ्या एखाद्या सभासदाचे उदाहरण घ्या. हे टाळा:

‘तुम्ही बायबल हातात घेऊन फिरता आणि लोकांचे पैसे बुडवता. देव बघतो बरं का!’

हे म्हणून पाहा:

‘भाऊ, मार्चमध्ये तुम्ही वीस हजार नेले होते. जूनला देतो म्हणाला होतात. तुमची काही अडचण आहे का? मला सांगा, आपण मार्ग काढू. पण न बोलता राहिलं तर माझ्या मनात अढी बसेल, आणि ती मला नकोय.’

दुसऱ्या बोलण्यात रक्कम आहे, महिना आहे, अडचण विचारली आहे आणि नाते टिकवण्याची इच्छाही आहे. त्याच्या भक्तीबद्दल एक अक्षर नाही. बोलताना हीच शिस्त ठेवा: कृती, तारीख, झालेला त्रास आणि तुमची अपेक्षा. त्याचे मन आणि त्याचे तारण या दोन गोष्टींना हात लावू नका.

गोष्ट फक्त कानावर आली असेल तर सुरुवात अशी करा: ‘ताई, तुमच्याबद्दल एक गोष्ट माझ्यापर्यंत आली. खरी की खोटी मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी तुम्हालाच विचारावी म्हणून आले.’ या एका वाक्याने कितीतरी अफवा तिथेच विझतात.

दुसऱ्या पायरीवर सोबत नेण्यासाठी तुमच्याच बाजूची माणसे निवडू नका. त्यांचे काम साक्ष ऐकण्याचे आहे. तुमचे म्हणणे चुकीचे असेल तर ते तुम्हालाही सांगतील अशीच माणसे न्या.

तिसरा गट: इजा झाली असेल तर वचन आड आणू नका

छत्रपती संभाजीनगरच्या कॅथलिक धर्मप्रांताचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आहे. जिनिव्हाचे हे बिशप (१५६७–१६२२) सौम्यपणासाठी ओळखले जातात. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सामान्य गृहस्थांसाठी लिहिलेल्या भक्तिजीवनावरच्या पुस्तकात त्यांनी उतावळ्या निवाड्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. एखाद्या कृतीच्या शंभर बाजू असतील तर तिची सर्वांत चांगली बाजू पाहावी, असे ते शिकवतात. पण त्याच पुस्तकात, निंदेवरच्या पुढच्या प्रकरणात, ते हेही सांगतात की मेंढरांत लांडगा शिरला असेल तर ओरडणे हीच प्रीती आहे. इतका मृदू संतही या बाबतीत तडजोड करत नाही, हे लक्षात ठेवा.

मारहाण, लैंगिक छळ, मुलांवर अत्याचार यांत मत्तय अठराची पहिली पायरी, म्हणजे एकांतातली भेट, पीडित व्यक्तीवर लादू नका. ती पायरी भावा-भावातल्या अपराधासाठी आहे. घाबरलेल्या मुलीला तिला त्रास देणाऱ्यासमोर एकटे बसवण्यासाठी नाही.

- तातडीच्या मदतीसाठी ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या हेल्पलाइन आहेत.
- घरातली मारहाण असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. ‘प्रार्थना कर, सहन कर’ एवढेच सांगून बहिणीला परत पाठवणे हा सल्ला नव्हे.
- अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. माहीत असून न कळवणे हाच गुन्हा आहे. मंडळीची अब्रू वाचवण्यासाठी गप्प राहण्याची मुभा पाळकांना नाही आणि पंचांनाही नाही.
- मंडळीच्या पैशाबद्दल शंका असेल तर तोंडी आरोप करू नका. सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न द्या, लेखापरीक्षणाचा अहवाल मागा, उत्तर लेखी मागा. हिशेब मागणे म्हणजे कोणाला चोर म्हणणे नव्हे.

आणि क्षमेचे काय? क्षमा करणे आणि पद परत देणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने निधी वापरला त्याला क्षमा करता येते आणि तरीही तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे देता येते. ज्याने मुलांना इजा केली त्याच्यासाठी प्रार्थना करता येते, पण त्याला पुन्हा संडे स्कूलच्या वर्गात उभे करायचे नाही.

प्रार्थनेच्या नावाखाली निंदा ओळखा

‘त्यांच्या मोठ्या मुलासाठी प्रार्थना करा हं, फार वाईट संगतीत आहे, परवा रात्री पोलिसांनी आणून सोडलं…’ महिला मंडळाच्या सभेत किंवा मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असे सुरू झाले की प्रार्थना एका ओळीची होते आणि माहिती दहा ओळींची. देवाला तो तपशील आधीच माहीत असतो. मग तो कोणासाठी सांगितला जातो?

कॅथलिक धर्मशिक्षण या दोषांचे तीन भाग करते. ते सर्वांनाच उपयोगी आहेत:

- उतावळा निवाडा: पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात दुसऱ्याचा दोष खरा धरणे.
- दोष उघड करणे: दोष खरा आहे, पण योग्य कारण नसताना ज्यांना माहीत नव्हता त्यांना सांगणे.
- खोटा आळ: असत्य सांगून दुसऱ्याचे नाव खराब करणे.

मधला प्रकार नीट पाहा. ‘मी खोटं थोडंच बोलले?’ ही आपली नेहमीची सबब असते. खरे असले तरी ते सगळ्यांना सांगायचा परवाना मिळत नाही.

ग्रुप चालवणाऱ्यांनी तीन नियम लावून घ्यावेत. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याची परवानगी घ्या. परवानगी नसेल तर नाव आणि ओळखू येईल असा तपशील टाकू नका. आणि कोणी टाकलाच तर ग्रुपवर वाद न घालता त्यांना खासगीत फोन करून तो काढायला सांगा.

समोरासमोर कोणी असे बोलू लागले तर उपदेश नको. ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का?’ एवढेच विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर ‘चला, आपण दोघी जाऊ’ म्हणा. निंदा तिथेच संपते, किंवा खरी मदत सुरू होते.

तुमच्यावरच ठपका ठेवला गेला तर

1. लगेच उत्तर देऊ नका. रागात पाठवलेला मेसेज पुढे पुरावा म्हणून फिरतो.
2. आरोपात काही खरे असेल तर तेवढे मान्य करा. अर्धे खरे असेल तर अर्धे. उरलेले नाकारण्याचे बळ त्यातूनच येते.
3. आरोप लेखी मागा. कोणी, कधी, काय केल्याचे म्हणणे आहे ते स्पष्ट होऊ द्या. ‘लोक म्हणतात’ यावर खुलासा देण्याची गरज नाही.
4. बाजू मांडण्याची संधी मागा. कॅथलिकांसाठी १९८३ च्या चर्चकायद्यातले कलम २२० प्रत्येकाच्या सुनामाचे रक्षण करते आणि कलम २२१ हक्कांचा बचाव करण्याची मुभा देते. सीएनआय किंवा इतर मंडळीत असाल तर घटनेची आणि नियमांची प्रत मागून घ्या. कारवाई कोणी, कोणत्या बैठकीत आणि कशाच्या आधारे केली ते पाहा. पाळकांच्या निर्णयावर बिशपांकडे दाद मागता येते का, तेही तपासा.
5. कायद्याचा आधार माहीत असू द्या. खोट्या बदनामीविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. संपूर्ण कुटुंबाशी व्यवहार तोडणे, लग्न-अंत्यविधीत आडकाठी आणणे असे प्रकार झाले तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू होऊ शकतो. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. समाज या व्याख्येत एका धर्माचे किंवा पंथाचे लोकही येतात.
6. मोफत सल्ला घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सहाय्य मिळते. हेल्पलाइन १५१०० आहे.

भावाला कोर्टात खेचण्याआधी मंडळीतच मिटवा, असे पौल करिंथकरांना सांगतो, आणि साध्या भांडणांत तेच शहाणपणाचे आहे. पण मंडळीच अन्याय करत असेल किंवा ऐकूनच घेत नसेल, तर कायद्याकडे जाणाऱ्याला ‘विश्वासात कमी’ ठरवणे हा आणखी एक न्याय झाला.

पाळक, पंच आणि शिक्षकांसाठी

तुमच्या हातात अधिकार आहे, म्हणून तुमच्यावर जास्त बंधने आहेत.

- मंडळीतल्या वडीलजनांविरुद्धचा आरोप दोघा-तिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नये, असे तीमथ्याला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. लगेच पुढे, दोष सिद्ध झाला तर सर्वांसमोर कानउघाडणी करावी, असेही आहे. पहिले वचन सांगून दुसरे लपवू नका. बंद दाराआडच्या अत्याचाराला दोन साक्षीदार मिळत नाहीत, म्हणून मुलांची तक्रार या वचनाने अडवू नका. ती सरळ पोलिसांकडे जाते.
- व्यासपीठावरून नाव न घेता टोमणा मारू नका. सगळ्यांना कळते कोणाबद्दल आहे, आणि त्या माणसाला उत्तर देता येत नाही.
- श्रीमंत आणि गरीब यांना एकच माप लावा. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय नेमका यावर आहे. मोठी देणगी देणाऱ्याच्या मुलाचे आंतरधर्मीय लग्न ‘समजून घेण्यासारखे’ आणि शिपायाच्या मुलीचे ‘लज्जास्पद’ ठरत असेल, तर मंडळी शिस्त पाळत नाही, तोंड पाहते आहे.
- परतीची वाट आधीच सांगा. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल मंडळीतल्या उघड अनाचारावर कठोर होतो. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या माणसाला आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असे तो सांगतो. प्रभुभोजनापासून कोणाला दूर ठेवले असेल तर किती काळ, कोणत्या अटीवर आणि परत कसे यायचे हे त्याच दिवशी लेखी द्या. ज्या शिस्तीला परतीची तारीख नाही ती शिस्त नसते, हकालपट्टी असते.

नेहमी विचारले जाणारे आणखी दोन प्रश्न

*‘आम्ही काही बोललोच नाही तर पापाला मान्यता दिल्यासारखे होणार नाही का?’* प्रत्येक गोष्टीवर मत देण्याची जबाबदारी देवाने तुमच्यावर टाकलेली नाही. तो माणूस तुमच्या घरातला, मैत्रीतला किंवा तुमच्या देखरेखीखालचा असेल तर जाऊन बोला. तिन्हींपैकी काहीच नसेल आणि कोणाला इजाही होत नसेल, तर तुमचे काम प्रार्थनेचे.

*‘दुसऱ्या धर्माच्या नातेवाइकांबद्दल काय?’* करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल स्वच्छ म्हणतो, की बाहेरच्यांचा न्याय करणे त्याच्याकडे नाही, तो देवाकडे आहे. मामांच्या घरचा गणपती हा तुमच्या निकालाचा विषय नाही. त्यांच्या आजारपणात तुम्ही दवाखान्यात बसलात की नाही, हा आहे.

या आठवड्यात करण्यासारखे

ज्या एका माणसाबद्दल तुम्ही अलीकडे सर्वांत जास्त बोललात, त्याचे नाव आठवा. त्याची गोष्ट तीनपैकी कोणत्या गटात बसते ते ठरवा. मतभेद असेल तर पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी जाऊन बसा. चूक असेल तर फोन करून वेळ घ्या आणि एकटे जा. इजा होत असेल तर आजच मदत मागा, रविवारची वाट पाहू नका. तिन्हींपैकी काहीच करायची तयारी नसेल, तर त्या माणसाबद्दल बोलायचा आपला हक्क संपला असे समजा.